आपद्धर्म नित्यधर्म झाला, तेव्हा स्वराज्य गेले

हिंजवडीच्या कुशीला असलेल्या मारुंजीपासून इंद्रायणीपलीकडच्या चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा जपानचे गोडवे गाण्यात आज कोणाला हार जाणार नाही. कारखान्यांच्या भिंतींवर 'काइझेन'च्या पाट्या झळकतात, पर्यवेक्षकांच्या तोंडी जपानी शिस्तीचे दाखले असतात आणि वेळेवर येणाऱ्या जपानी आगगाडीची कथा नव्या कामगाराला पहिल्याच आठवड्यात ऐकवली जाते. या कौतुकात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे की, ते यंत्रापाशीच थांबते. ज्या राष्ट्राची शिस्त आपण उसनी आणतो, ते राष्ट्र पाच-सहाशे वर्षे कोणत्या बेशिस्तीत होरपळत होते आणि तिच्यातून कसे बाहेर पडले, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

अपवाद एकच. व्याख्यानांच्या मांडवात आणि पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या लेखांत जपानचा मध्ययुगीन इतिहास अधूनमधून डोकावतो, तो एका ठरावीक वाक्यापुरता. सातारचे छत्रपती म्हणजे जपानचे नामधारी सम्राट आणि पुण्याचे पेशवे म्हणजे सम्राटाची सत्ता बळकावणारे शोगुन, हे ते वाक्य. त्यापुढचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो : एका जातीने दुसऱ्या जातीचे राज्य गिळले. टाळ्या पडतात, समाजातली भेग आणखी एक बोट रुंदावते आणि वक्ता पुढच्या गावाला जातो.

तुलना करण्यास कोणाची हरकत नाही. परंतु करायची तर ती पुरती करावी. ती पुरती केली की या निष्कर्षाचा पायाच उखडला जातो आणि जो खरा धडा हाती लागतो, तो टाळ्या वाजवणाऱ्यांना आणि टाळ्या घेणाऱ्यांना, दोघांनाही गैरसोयीचा असतो.

शोगुन आला कोठून?

इ. स. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी युद्धात मिनामोतो घराण्याने ताइरा घराण्याचा नाश केला. विजयी मिनामोतो योरितोमो क्योतोच्या राजधानीत जाऊन बसला नाही. त्याने दूर पूर्वेला कामाकुरा येथे आपले लष्करी ठाणे कायम ठेवले आणि ११९२ मध्ये सम्राटाकडून शोगुन ही पदवी मिळवली. सम्राट राहिला, दरबार राहिला, पूजाअर्चा आणि पदव्यांची खैरातही चालू राहिली. फक्त राज्य करण्याचे सामर्थ्य तेथून निघून गेले.

ते कोणत्या वाटेने गेले, हे पाहणे महत्त्वाचे आहे. योरितोमोने ११८५ मध्येच दोन प्रकारचे अधिकारी नेमण्याचा हक्क दरबाराकडून घेतला होता. प्रांतावर 'शुगो' आणि जमिनीवर 'जितो'. जितोने महसूल गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा आणि त्याच्या मोबदल्यात उत्पन्नाचा वाटा स्वतःकडे ठेवायचा. मराठी वाचकाला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर शुगो म्हणजे सरदार आणि जितो म्हणजे तलवारधारी देशमुख. शिपाईगिरीचा मोबदला रोख पगारात न देता जमिनीच्या हक्कात देण्याची ही पद्धत होती. ज्याच्या हाती तलवार, त्याच्याच हाती वसुली; आणि दोन्ही वंशपरंपरेने. सम्राटाची सत्ता कोणी एका रात्रीत चोरली नाही. ती गावोगावच्या शेतांतून, पोत्यापोत्याने उचलली गेली. १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा याने शस्त्र उचलून पाहिले. त्याचा पराभव झाला आणि त्याला ओकी बेटावर हद्दपार करण्यात आले.

पण ज्या पद्धतीने सम्राट पोकळ झाला, तिने शोगुनलाही सोडले नाही. १२१९ मध्ये तिसऱ्या शोगुनचा खून झाला आणि पुढे क्योतोहून आणलेली बालके शोगुनच्या गादीवर बसवून त्यांचे कारभारी असलेले होजो घराणे राज्य करू लागले. नामधारी सम्राटाचा नामधारी शोगुन, आणि त्याच्या आडून तिसराच सत्ताधीश!

जमीन संपली, निष्ठा संपली

या व्यवस्थेची खरी परीक्षा परचक्राच्या वेळी झाली. १२७४ आणि १२८१ मध्ये कुब्लाई खानाची आरमारे हाकाता उपसागरात उतरली. सामुराई शर्थीने लढले, वादळे मदतीला आली आणि देश वाचला. परंतु हे युद्ध बचावाचे होते. शत्रू परतला, त्याची इंचभर भूमी हाती आली नाही. मग ज्यांनी रक्त सांडले, त्यांना जमीन द्यायची कोठून? कर्जबाजारी झालेल्या योद्ध्यांना दिलासा देण्यासाठी १२९७ मध्ये कर्जमाफीचा हुकूम काढावा लागला, तोही निष्प्रभ ठरला. देश वाचवणारी राजवट देश वाचवल्यामुळेच खिळखिळी झाली आणि १३३३ मध्ये कोसळली. जमिनीने विकत घेतलेली निष्ठा जमीन असेतोवरच टिकते, हा त्याचा अर्थ.

पुढे अशिकागा शोगुनांच्या काळात प्रांतोप्रांतीचे शुगो स्वतंत्र राजे असल्यासारखे वागू लागले. १४६७ ते १४७७ अशी दहा वर्षे ओनिनचे युद्ध खुद्द क्योतोच्या रस्त्यांवर लढले गेले आणि राजधानी जळून खाक झाली. त्यानंतरचे शतक जपानी माणूस लढणाऱ्या राज्यांचे युग म्हणूनच ओळखतो.

शिवरायांनी रोग ओळखला होता

आता सह्याद्रीकडे वळावे. मावळचा मुलूख आदिलशाही आणि निजामशाहीच्या काळात नेमका याच रोगाने ग्रासला होता. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे, त्यांच्यावर मोकासदार आणि जहागीरदार. एका शेताच्या धान्यावर इतक्यांचे हात, आणि रयतेचे गाऱ्हाणे ऐकायला कोणीच नाही. देशमुख आपल्या गढीत बसून सुलतानाला महसूल देई किंवा न देई. शेजारच्या देशमुखाशी वतनासाठी पिढ्यानपिढ्या वैर मांडी.

छत्रपती शिवाजी महाराज स्वतः एका जहागीरदाराचे पुत्र होते. रोग त्यांनी घरातून पाहिला होता. म्हणूनच त्यांचा उपचार नेमका होता. सभासदाची बखर याची साक्ष देते. वतनदारांच्या गढ्या-कोट पाडले, त्यांचे हक्क ठरवून दिले आणि वसुली सरकारी कामगारांच्या हाती घेतली. लष्कराला मुलूख तोडून देणे बंद केले आणि पगार खजिन्यातून देण्याचा दंडक घातला. गडावर एकाची सत्ता ठेवली नाही. हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी तिघांत अधिकाराची विभागणी केली आणि तिघे भिन्न जातींचे असतील, याची काळजी घेतली. १६७४ मध्ये राज्याभिषेकासमयी सिद्ध झालेले अष्टप्रधान मंडळ हे वंशपरंपरेचे वतन नव्हते. ती सेवा होती. महाराजांनी सारी वतने मुळापासून उखडली नाहीत, हे खरे. जेधे-बांदलांसारख्या निष्ठावंतांचा मान त्यांनी राखला. परंतु वतन हे राज्याहून मोठे नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे ठरवून टाकले.

चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे सुमारे दोन महिने झुंजला. फिरंगोजी नरसाळा ज्या कोटासाठी लढला, तो त्याच्या मालकीचा नव्हता. तो स्वराज्याचा होता. कोट पडल्यावर खानाने देऊ केलेली बादशाही चाकरी त्याने नाकारली, अशी परंपरा आहे. कामाकुराच्या योद्ध्याला जमीन हवी होती. फिरंगोजीला धनी पुरेसा होता.

शिवराय हे सरंजामी राजेच होते, असे लिहिणाऱ्यांनी या फरकाचे उत्तर द्यावे. जपानमध्ये हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे गोळा केली आणि जमिनींची मोजणी करून घेतली. तोकुगावा शोगुनांनी १६०३ नंतर सरदारांना वेसण घातली आणि १६३५ मध्ये त्यांना आळीपाळीने एदो शहरात येऊन राहण्याची व कुटुंबे तेथे ओलीस ठेवण्याची सक्ती केली. म्हणजे लष्करी सामर्थ्याला राज्यसत्तेच्या मुठीत आणण्याचे जे काम जपानमध्ये तीन सत्ताधीशांनी दोन पिढ्यांत केले, ते येथे एका पुरुषाने परकीय सत्तांशी अहोरात्र झुंजत तीस-पस्तीस वर्षांत उभे केले. आणि तेही ओलिसांच्या बळावर नव्हे. हिंदू समाजाला राज्यसंस्था उभारता आली नाही, ही ठोकळेबाज टीका रायगडाच्या पायऱ्यांशीच संपते.

जिंजीचा आपद्धर्म

मग घडी विस्कटली कशी? १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान झाले. त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. खजिना रिता, गड शत्रूच्या हाती आणि औरंगजेब मराठा घराण्यांना मनसबी व वतने देऊन फोडण्याच्या उद्योगात. अशा वेळी फौज उभी करणाऱ्याला त्यानेच जिंकलेला मुलूख तोडून देण्याखेरीज मार्ग नव्हता. स्वराज्य वाचवण्यासाठी दिलेली ती किंमत होती. संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्या घोडदौडीने बादशहाला दख्खनेत गाडले, यात त्या धोरणाचाही वाटा आहे. त्याला दोष देणे म्हणजे बुडत्याने ओंडका का धरला, असे विचारण्यासारखे आहे.

परंतु शास्त्राने आपद्धर्म सांगितला, तो आपत्तीपुरता. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, आपत्ती टळली. आपद्धर्म मात्र टळला नाही. ज्या रामचंद्रपंत अमात्यांनी त्या बिकट काळात राज्य सावरले, त्यांच्याच 'आज्ञापत्रा'त वतनदार हे राज्याचे लहानसे वाटेकरीच असतात, त्यांना जरबेत ठेवावे, असा स्पष्ट इशारा आहे. ज्याने औषध म्हणून विष दिले, तोच सांगत होता की हे रोजचे अन्न नव्हे. ऐकले कोणी?

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. हा पराक्रम मोठाच होता. पण चौथाईची वाटणी पाहावी. शंभरातले पंचवीस राजाची बाबती, सहा पंतसचिवांचा सहोत्रा, तीन राजाच्या मर्जीतली नाडगौडी आणि उरलेले सहासष्ट सरदारांचा मोकासा. म्हणजे दोन तृतीयांश उत्पन्न राजाच्या खजिन्यात न येता वाटेतच जिरणार, असे राज्यानेच कागदावर लिहून दिले. त्यातही एकाच प्रांतात अनेकांचे हक्क गुंतवले. हेतू हा की, कोणी एक प्रबळ होऊ नये. परिणाम हा की, प्रत्येकाला दुसऱ्याशी भांडण्याचे कायमचे कारण मिळाले.

तळेगाव ते हडपसर

त्याची पहिली मोठी किंमत याच पट्ट्यातल्या एका घराण्याने चुकवली. मारुंजीच्या उत्तरेचे तळेगाव हे दाभाड्यांचे गाव. खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये छत्रपती शाहूंचे सेनापती झाले. गुजरातची वसुली त्यांच्या घराण्याकडे होती. पहिल्या बाजीरावांनी त्या प्रांतात हात घातला, त्र्यंबकराव दाभाडे निजामाशी संधान बांधून उठले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभोईच्या रणांगणावर छत्रपतींचे सेनापती छत्रपतींच्याच पेशव्यांशी लढताना मारले गेले. एकाच राजाचे दोन प्रधान, एकाच भगव्या झेंड्याच्या दोन फौजा, आणि वादाचा विषय काय, तर परक्या प्रांतातल्या वसुलीचा वाटा! शाहूंनी दोघांचा समेट केला, उमाबाईंचे सांत्वन केले, सेनापतिपद त्याच घरात ठेवले. याहून अधिक काही करण्याचे सामर्थ्य सातारच्या गादीत उरले नव्हते. कारण ज्यांना आवरायचे, त्यांच्याच फौजांवर ती गादी उभी होती.

१७४९ मध्ये शाहू गेले. १७५० मध्ये रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेवले ते पेशव्यांनी नव्हे, राजघराण्यातल्याच ताराबाईंनी; आणि त्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने कारभार पुण्याकडे गेला. पुढे पेशव्यांचेही होजोंच्या शोगुनसारखे झाले. सत्ता कारभाऱ्यांकडे आणि सामर्थ्य शिंदे-होळकरांकडे.

एकी झाली की काय घडते, तेही याच मावळाने पाहिले. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून घाट चढून आलेली इंग्रज फौज तळेगावाशी अडली, महादजी शिंदे आणि नाना फडणिसांच्या डावपेचांनी कोंडली गेली आणि वडगाव येथे तिने शरणागतीचा तह लिहून दिला. पण अवघ्या तेवीस वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरला होळकरांची फौज शिंदे-पेशव्यांच्या फौजेवर तुटून पडली. क्योतोच्या रस्त्यांवरचे ओनिन पुण्याच्या वेशीवर अवतरले. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहाने स्वराज्य इंग्रजांच्या दावणीला बांधून मोकळा झाला.

जात नव्हे, जहागीर

आता त्या टाळ्यांच्या वाक्याकडे परत यावे. सत्ता सरकण्याचे कारण जात असेल, तर जपानचे काय करायचे? मिनामोतो हे सम्राट सेइवाचे वंशज, ताइरा हे सम्राट कान्मूचे. सम्राटाला पोकळ करणारे सम्राटाच्याच रक्ताचे होते. तेथे ब्राह्मण नव्हते, मराठे नव्हते, पेशवे नव्हते. तरीही तेच घडले. आणि येथे? डभोईला पेशवा आणि सेनापती लढले, तसे हडपसरला शिंदे आणि होळकर लढले. रामराजांना त्यांच्याच घरच्यांनी कैद केले. वडगावला मात्र ब्राह्मण कारभारी आणि मराठा सरदार खांद्याला खांदा लावून उभे होते. जातीची चावी या कुलपाला लागत नाही. तलवार आणि तिजोरी राज्याच्या हातून सुटून खासगी मालकीची झाली, हे दोन्हीकडचे समान कारण आहे.

पेशव्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे ऐकले पाहिजे. सरंजामामुळेच झेंडे अटकेपर्यंत गेले, हा त्यांचा युक्तिवाद अर्धा खरा आहे. १७५८ मध्ये ते गेलेही. परंतु सरंजामाने विस्तार दिला, राज्य दिले नाही. पहिले बाजीराव अजिंक्य होते आणि कर्जाने गांजलेलेही होते. जिंकणाऱ्याची तिजोरी रिकामी आणि त्याच्या हाताखालच्यांचे वाडे भरलेले, ही सुदृढ राज्याची खूण नव्हे. शिवरायांचे नाव घेऊन शिवरायांच्या धोरणाच्या उलट वागणे, हा दोष कोणा एका घराण्याच्या माथी मारून दुसऱ्याला सुटता येणार नाही.

शेवटातला फरक तर जिव्हारी लागणारा आहे. १८६८ मध्ये जपानी माणसांनी स्वतः सम्राटाचे नाव घेऊन शोगुनशाही मोडली. १८६९ मध्ये प्रमुख सरदारांनी आपले मुलूख सम्राटाला परत केले, १८७१ मध्ये सारी सरदारी राज्ये विसर्जित झाली, १८७३ मध्ये राष्ट्रीय सैन्यभरती सुरू झाली. येथे १८१८ मध्ये छत्रपतींचे नाव पुढे केले ते एल्फिन्स्टनने, पेशवाई बुडवण्यासाठी. काम होताच तेच इंग्रज उलटले. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा केले. आपले घर आपण आवरले नाही, म्हणून ते परक्याने रिकामे केले.

नवे सरंजामदार

हा सारा इतिहास झाला, असे म्हणून पान उलटणाऱ्यांनी थोडे थांबावे. सहोत्रा घेणाऱ्या पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. कागदावरची वतने सरली. वृत्ती सरली का?

चाकण आणि परिसरातल्या कारखान्यांत भंगाराचे ठेके कोणी घ्यायचे, मजूर कोणी पुरवायचे, माल कोणी उतरवायचा, हे बाजार ठरवत नाही. स्थानिक दांडगाई ठरवते, अशा तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. माथाडी कामगाराच्या घामाचे पवित्र नाव खंडणीला दिले जाते, आणि त्याविरुद्ध राज्याच्या मुख्यमंत्र्यांनाही जाहीर इशारे द्यावे लागले आहेत. ही चौथाईच आहे; फरक इतकाच की, जुन्या चौथाईच्या मागे निदान रणांगणावर सांडलेले रक्त होते. मारुंजीसारख्या गावात इमारती आकाशाला भिडल्या आणि पाणी टँकरने येते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, औद्योगिक महामंडळ, २०१५ पासूनचे महानगर प्राधिकरण, २०१८ पासूनचे पोलीस आयुक्तालय; हक्क सांगणारे अनेक, जबाबदारी घेणारा कोणी नाही. जेथे राज्य अशी पोकळी ठेवते, तेथे जितो उगवतोच. निवडणुकीला तो माणसे पुरवतो आणि मोबदल्यात त्याला परिसर 'सांभाळायला' मिळतो. यालाच सरंजाम म्हणतात.

आणि हे करणारे कोण असतात? सर्व पक्षांचे, सर्व जातींचे. त्यांच्या गाड्यांवर शिवरायांची मुद्रा असते आणि जयंतीच्या फलकावर महाराजांच्या प्रतिमेपेक्षा त्यांची छबी मोठी असते. ज्या महाराजांनी वतनदारांच्या गढ्या पाडल्या, त्यांच्याच नावाने नव्या गढ्या उभ्या राहतात. याहून मोठा शिवद्रोह कोणता?

निवडणुकीपुरती तडजोड आहे, आघाडीची गरज आहे, स्थानिक समीकरण आहे, ही भाषा रोज कानी पडते. हीच ती आपद्धर्माची भाषा. राजाराम महाराजांसमोर औरंगजेब उभा होता. आजच्या सत्ताधाऱ्यांसमोर कोणता औरंगजेब उभा आहे, म्हणून त्यांनी रयतेवरचा हक्क गल्लीतल्या दांडग्यांना तोडून द्यावा? शिवरायांचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही झेंड्याखाली उभा असो, समाजाने हा प्रश्न विचारला पाहिजे. वसुली राज्याची, शिक्षा राज्याची आणि सेवकाला पगार राज्याच्या तिजोरीतून, हा रायगडाचा दंडक होता. तो ज्यांना मान्य नाही, त्यांनी महाराजांचे नाव घेऊ नये.